दोरी, दुर्बीण आणि वल्हे: दोन दिवसांच्या साहस शिबिराविषयी

शाळेत असताना एका सहलीत मी झिपलाइनवरून गेले होते. कोणीतरी माझ्या कमरेला पट्टे आवळले, कोणीतरी हुक अडकवला, आणि अर्ध्या मिनिटात मी पलीकडे पोहोचले. मजा आली, पण त्यात मी स्वतः काहीच केले नव्हते. त्यामुळे गेल्या महिन्यात महाविद्यालयातील आम्ही सहा मैत्रिणींनी शनिवार-रविवारच्या साहस शिबिरात नावे नोंदवली, तेव्हा माझी अपेक्षा तेवढीच होती. शनिवारी प्रस्तरारोहण, रात्री आकाशदर्शन आणि रविवारी कयाकिंग, म्हणजे कयाक नावाची लहान अरुंद होडी वल्हवणे, असा कार्यक्रम होता, आणि यातील एकही गोष्ट मी पूर्वी केलेली नव्हती.

शनिवारी पहिला दीड तास आम्ही कातळाला हातही लावला नाही. प्रत्येकीला दोरीचा एक तुकडा देऊन ‘फिगर ऑफ एट’ ही गाठ शिकवण्यात आली. दोरीच्या टोकापासून हातभर अंतर सोडून इंग्रजी आठच्या आकाराचा फास घालायचा, टोक हार्नेसच्या, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांच्या, पुढच्या दोन्ही फाशांतून ओवायचे आणि मग त्याच आठच्या वळणावळणाने ते उलट दिशेने परत आणायचे. गाठ बरोबर बसली असेल तर दोरीच्या पाच जोड्या एकमेकींवर न चढता शेजारी शेजारी दिसतात. माझी गाठ चार वेळा चुकली, कारण शेवटच्या वळणावर मी टोक मूळ दोरीला लगटून न नेता मधूनच ओढून घेत होते. प्रशिक्षक ताईंनी ती एकदाही माझ्या हातून घेऊन स्वतः बांधली नाही. त्या केवळ “जोड्या मोज” एवढेच म्हणत राहिल्या. पाचव्या वेळी पाच जोड्या भरल्या, तेव्हा मला जो आनंद झाला तो दुपारी वर पोहोचल्यावर झालेल्या आनंदापेक्षा तसूभरही कमी नव्हता.

साहित्याची माहितीही त्यांनी अशीच हातात देऊन करून दिली. कॅरॅबिनरच्या, म्हणजे दोरी अडकवायच्या उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीच्या, कडेवर कोरलेले आकडे आम्हाला वाचायला लावले. लांबीच्या दिशेने तो किमान २० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दोन टन वजनाइतका ताण सहन करतो, पण तो आडवा फिरला किंवा त्याचे दार उघडे राहिले, तर हीच ताकद जवळजवळ एक तृतीयांशावर येते. चढाईची नायलॉनची दोरी मुद्दाम ताणली जाईल अशी बनवलेली असते, कारण ती ताणली गेली नाही तर पडण्याचा सगळा हिसका आरोहकाच्या शरीराला बसेल, हेही तेव्हाच समजले. जिच्या भरवशावर वर चढायचे त्या दोरीची एवढी ओळख झाल्यावर भीती नाहीशी झाली नाही, परंतु नेमके कशाला भ्यायचे आणि कशाला नाही, हे कळले.

खालून दोरी सांभाळणे, म्हणजे बिले देणे, हे कामही आमच्याकडेच होते. ताई मागे उभ्या राहून दोरीचे टोक धरत, एवढाच काय तो त्यांचा हात. पहिल्या चढाईत मी निम्म्यावरूनच परत आले. हात वाकवून सगळे शरीर त्यांच्यावर पेलून धरल्यामुळे कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू दगडासारखे झाले आणि बोटे मिटेनात. दुसऱ्या वेळी हात सरळ ठेवून, कंबर कातळाजवळ नेऊन पायांवर उभे राहायला सांगितले, आणि तोच टप्पा मी दम न लागता ओलांडला. एका दोरीवर तिघीच असल्यामुळे प्रत्येकीला चार वेळा चढता आले, ही या सत्राची सर्वांत जमेची बाजू होय. उणीव एकच: चढाईच्या बुटांचे पुरेसे माप उपलब्ध नव्हते. आमच्यापैकी दोघींना सैल बूट मिळाले आणि लहान खाचेत त्यांचे पाऊल ठरेना. नोंदणीच्या अर्जात बुटाचे माप विचारले असते, तर हे सहज टळले असते.

रात्रीच्या सत्राबद्दल मला फारशी उत्सुकता नव्हती; आता मात्र सर्वांत जास्त त्याच्याविषयीच बोलावेसे वाटते. आरंभी सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत जमा करण्यात आले, कारण अंधाराला डोळे पूर्णपणे सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि पडद्याच्या एका लखलखाटाने ती तयारी वाया जाते. विजेऱ्यांना लाल कागद लावलेला होता. तेवढा अर्धा तास आम्ही नुसत्या डोळ्यांनी आकाश पाहत बसलो, आणि दर पाच मिनिटांनी तारे वाढत असल्यासारखे भासत होते. दुर्बीण होती ८ इंची परावर्तक, लाकडी बैठकीवर हाताने फिरवायची. अंधारात रुंदावलेल्या डोळ्याच्या बाहुलीच्या मानाने तिचा आरसा सुमारे ८०० पट प्रकाश गोळा करतो, असे सांगून आकाशदर्शन घेणाऱ्या सरांनी दुर्बीण शनीवर न लावताच आमच्या स्वाधीन केली.

शनी शोधायला मला सात-आठ मिनिटे लागली. मोठ्या दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीच्या फुलीवर तो आणावा, नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, डोकवावे, तर तिथे रिकामे आकाश. अखेर एक पिवळसर ठिपका कडेने आत सरकला. मी चित्र स्पष्ट करणारे (नाभीयनाचे) चाक अगदी हळू फिरवले आणि त्या ठिपक्याभोवतीची कडी स्पष्ट झाली. ते चित्र इतके लहान आणि इतके रेखीव होते की, आत कोणीतरी छापील चित्र लावले असावे, असे मला क्षणभर वाटले; पण तेवढ्यात ते पृथ्वीच्या फिरण्यामुळे दृष्टिक्षेत्राबाहेर निघून गेले आणि मला दुर्बीण ढकलून त्याच्यामागे जावे लागले. गॅलिलिओने १६१० मध्ये हीच कडी पाहिली, पण त्याच्या दुर्बिणीतून ती शनीच्या दोन बाजूंच्या दोन गोळ्यांसारखी दिसली, हे सरांनी सांगितले तेव्हा धडपडीची ती सात-आठ मिनिटे सार्थकी लागल्यासारखी वाटली. नंतर शर्मिष्ठा या तारकासमूहावरून वाट काढत देवयानी दीर्घिका पाहिली. अंधुक गोष्ट थेट न पाहता थोडे बाजूला पाहावे, म्हणजे दृष्टिपटलाच्या कडेच्या अधिक संवेदनशील पेशी कामाला येतात. आणि खरोखरच, नजर जराशी वळवताच तो धूसर पुंजका पसरून मोठा झाला. तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला होता.

रविवारविषयी मात्र तक्रार आहे. आकाशदर्शन मध्यरात्रीनंतर संपले आणि पाण्यावरच्या सत्रासाठी पहाटे साडेपाचला उठवण्यात आले. चार तासांच्या झोपेनंतर नवख्या व्यक्तीला पाण्यात उतरवणे मला योग्य वाटत नाही. शिवाय माहितीपत्रकात दर चार कयाकांमागे एक प्रशिक्षक असे म्हटले होते. प्रत्यक्षात बारा कयाकांवर दोघेच होते. उथळ पाण्यात कयाक मुद्दाम उलटवून बाहेर पडण्याचा सराव त्यांनी प्रत्येकीकडून करून घेतला, तो उत्तम होता: पुढे वाकायचे, कमरेभोवतीच्या आच्छादनाचा फास पुढे खेचून सोडवायचा आणि मग पाय बाहेर काढायचे. पण पुढे वल्हवताना माझी मैत्रीण मागे पडली आणि बराच वेळ तिच्याजवळ कोणीही नव्हते. तिला काही झाले नाही, तरीही ती किती घाबरली होती हे मी तिच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. वल्हे दंडांनी न ओढता धड वळवून मारायचे असते, हेही मला शेजारच्या कयाकवरच्या मुलीकडून शिकावे लागले.

हे सर्व मी आयोजकांना लेखी कळवले आहे आणि कयाकिंग शनिवारी सकाळी घेऊन चढाई रविवारी उशिरा ठेवावी, असेही सुचवले आहे. नाव नोंदवणाऱ्यांनी पाण्यावर एका प्रशिक्षकामागे किती कयाक असतील, हे आधीच लेखी विचारून घ्यावे. चढाई आणि आकाशदर्शन या दोन सत्रांसाठी मात्र मी हे शिबिर कोणालाही निःशंकपणे सुचवीन. केवळ प्रस्तरारोहणाच्या पुढच्या शिबिरात आम्ही तिघींनी नावे दिली आहेत. सरावासाठी मिळालेला दोरीचा तुकडा वसतिगृहातल्या माझ्या टेबलावर असतो, आणि आता गाठ बांधताना मला जोड्या मोजाव्या लागत नाहीत, तरी मी मोजते.