सोसायटीसाठी घेतलेली एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) मेंटेनन्स सर्व्हिस, आठ महिन्यांचा अनुभव (4/5)

आमची सोसायटी थेरगावात, केजुबाई बंधाऱ्याजवळ. पवनेवर जलपर्णी चढली की आम्हाला पेपरात वाचायला लागत नाही, गॅलरीतनंच दिसते. ती पोसली जाते सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर, आणि त्यात आमच्या प्लांटचाही वाटा आहे हे मला कमिटीत आल्यावर कळलं, फार वाईट वाटलं.

आधीचा ऑपरेटर रात्री ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडायचं मशीन, बंद ठेवायचा, लाइट बिल कमी यायचं म्हणून आम्ही कुणी काही बोललो नाही. या नवीन सर्व्हिसवाल्यांचा माणूस पहिल्या दिवशी आला, एरेशन टँकचं (जिथे ही हवा सोडतात त्या टाकीचं) पाणी एक लिटरच्या काचेच्या सिलिंडरमध्ये भरून अर्धा तास ठेवलं. काळपट, घाण वास, गाळ खाली बसेचना. म्हणाला, ताई, बॅक्टेरियांना हवाच नाहीये. हवा मिळाली तर अमोनियाचं नायट्रेट होतं, मग ते पाणी बिनहवेच्या टाकीत परत फिरवलं की नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. आमच्याकडे ती परत फिरवायची लाइनच बंद, व्हॉल्व्ह गंजून जाम झालेला! तो बदलला, ब्लोअर चोवीस तास सुरू, आता तोच गाळ चॉकलेटी दिसतो आणि पटकन खाली बसतो, वर नितळ पाणी.

एक स्टार कापला तो गाळासाठी. फॉस्फरस गाळाबरोबरच बाहेर निघतो, आणि यांचा फिल्टर प्रेस (गाळ दाबून पाणी काढायचं मशीन) दोनदा आठवडाभर बंद होता. शिवाय रिपोर्टमध्ये फक्त बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण किती) आणि टीएसएस (तरंगणारे कण किती) देत होते, नायट्रोजन आम्ही मागे लागून तपासून घेतला. केंद्राच्या 2017 च्या नियमांत नायट्रोजन-फॉस्फरसची मर्यादाच नाही, एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) 2019 मध्ये टोटल नायट्रोजन लिटरला 10 मिलिग्रॅम सांगितलं होतं, आम्ही तोच आकडा धरून चालतो.

आजूबाजूला नवे टॉवर येतायत. 20,000 चौरस मीटरच्या वरच्या प्रोजेक्टला पर्यावरण मंजुरी लागते, एसटीपी पण असतो, पण तो चालतो का ते कोण बघतं? बांधकाम थांबवा असं मी म्हणणार नाही, आम्हीपण असेच राहायला आलो इथे. पण हे पाणी पवनेतून मुळेत, पुढे भीमेत आणि शेवटी उजनीत जातं, तिथलं हिरवं पाणी बघितलंय मी. फ्लॅटचा ताबा घेताना क्लबहाउस बघता ना, तसं प्लांटमध्येपण उतरा, आणि जमलं तर रात्री अकरानंतर जाऊन ब्लोअरचा आवाज येतोय का ते ऐका. आम्ही यांचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या वर्षासाठी वाढवलंय, गाळाची अट लेखी घेऊन.