रविवार कारंजाजवळचं जुन्या तिकिटांचं दुकान – फील्ड पोस्टाची पाकिटं बघायला नक्की जा

नाशिकला रविवार कारंजावरून मेन रोडला लागलं की आतल्या गल्लीत जुन्या नाण्यांचं-तिकिटांचं एक छोटंसं दुकान आहे, बोर्ड लहान आहे त्यामुळे पटकन दिसत नाही, विचारत जा. नाणी ठीकठाक आहेत, सगळीकडे मिळतात तशीच. मी सांगतोय ते पहिल्या महायुद्धातल्या आपल्या फील्ड पोस्टाच्या, म्हणजे मोहिमेवरच्या लष्कराबरोबर असणाऱ्या पोस्टाच्या पाकिटांबद्दल.

पंचम जॉर्जची तिकिटं, त्यावर काळ्या अक्षरात आय.ई.एफ., म्हणजे इंडियन एक्सपिडिशनरी फोर्स. १९१४ पासून परदेशातल्या आपल्या फील्ड पोस्ट ऑफिसात ही चालायची. तिकिटं लंडनला छापलेली बरं का, आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमधून तिकिटं निघायला लागली ती १९२५-२६ च्या सुमारास. दुकानातले काका मात्र पाकीट हातात दिलं की तिकिटाआधी पोस्टाचा ठसा दाखवतात आणि विचारतात, हा मारला कोणी? पोस्ट खात्यातूनच लष्कराबरोबर पाठवलेल्या क्लार्क लोकांनी! काल इथे टपालाची छाननी करणारा माणूस आज इराकमधल्या बसऱ्याला तंबूत बसून तेच काम करतोय. ही पद्धत त्याच्याही आधीची, १८५६ ला इराणच्या मोहिमेत बुशेरला आपलं फील्ड पोस्ट होतं.

आणि तिकडची हवा काय, भयंकर ऊन, उष्माघात, हगवण, मलेरिया, कॉलरा. १९१७ ला बगदादमध्ये तिथल्या ब्रिटिश फौजेचा सेनापती खुद्द जनरल मॉड कॉलऱ्याने गेला, मग साध्या क्लार्कची काय कथा. तिथल्याच कूतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात (डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६) भाजीपालाच नाही म्हणून आपल्या हिंदुस्थानी लोकांना स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) झाला. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, आजारी-जखमींचे एवढे हाल झाले की सरकारला चौकशी कमिशन नेमावं लागलं. इकडे पोस्टाच्या खिडकीवर मलेरियावरच्या क्विनाइनच्या पुड्या विकल्या जायच्या आणि त्याच खात्याची माणसं तिकडे तापाने फणफणत होती, हे ऐकून मला खरंच फार वाईट वाटलं. माझे वडील आरएमएसला (रेल्वेतल्या टपाल सेवेत) होते, रात्र रात्र गाडीत उभं राहून टपाल लावायचे, पाय सुजायचे, म्हणून असेल. पत्र लिहिणाऱ्या सैनिकाबद्दल सगळे बोलतात, पोचवणाऱ्याबद्दल कोणी बोलत नाही, काका बोलतात, म्हणून हे दुकान मला आवडलं.

लहान किमतीची सुटी तिकिटं परवडतात. पाकिटं महाग आहेत पण भाव वाजवी वाटला, ओव्हरप्रिंट (तिकिटावर नंतर छापलेली ती काळी अक्षरं) आणि ठशाची तारीख भिंगातून बघूनच घ्या, काका स्वतः भिंग देतात. एकच तक्रार, पाकिटं स्वस्तातल्या प्लास्टिकमध्ये ठेवलीत, कागद खराब होईल, मी त्यांना तसं सांगितलंय. यूपीआय चालतं. गाडी लांब लावा, गल्लीत स्कूटरलाही जागा नाही, आणि दुपारी जा, संध्याकाळी गर्दीत त्यांना बोलायला वेळ मिळत नाही.