अमीन की नियाझोव?

भाचीला वक्तृत्व स्पर्धेत लहरी हुकूमशहावर बोलायचंय. इदी अमीन घ्यावा की नियाझोव, यावर गाडी अडलीये.

विक्षिप्तपणात तुर्कमेनिस्तानचा नियाझोव भारी. २००२ मध्ये त्याने जानेवारी महिन्याला स्वतःच्या पदवीचं नाव दिलं, एप्रिलला आईचं. राजधानी अश्गाबादमध्ये तर त्याचा सोनेरी पुतळा सूर्याकडे तोंड करून फिरायचा! युगांडाचा अमीन स्वतःला ब्रिटिश साम्राज्याचा विजेता म्हणवायचा. पण त्याच्या राज्यात माणसं गायब व्हायची, त्यामुळे हसू टिकत नाही.

सत्ता? अमीनची भिस्त लष्करावर. १९७२ मध्ये तिथे स्थायिक झालेले आशियाई, त्यातले बरेच गुजराती, हाकलले, व्यापार बसला. १९७९ मध्ये टांझानियाच्या फौजेपुढे पळाला. नियाझोवकडे गॅसचा पैसा, शिवाय मंत्री सतत बदलायचे, कुणाची मुळं रुजायचीच नाहीत. २००६ मध्ये मेला तो खुर्चीवरच.

सभागृह हसवत खिळवायचं तर नियाझोव. गुजराती कुटुंबांची ससेहोलपट सांगायची तर अमीन.