ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम, वाळूजच्या प्रेस शॉपमधनं काही महिन्यांचा अनुभव

ब्लॅक सॅबथ म्हणजे इंग्लंडचा रॉक बँड, चौघांचा. आधी कामाचं सांगतो, त्यांचा हा अल्बम फोनच्या स्पीकरवर ऐकायचा नाही. गीझर बटलरचा बेस त्याच्यात लागतच नाही आणि बेस गेला की अर्धा अल्बम गेला. 'एन.आय.बी.' ह्या गाण्याच्या आधी तो एकटाच बेस वाजवतो ना, ते मला पहिल्यांदा कोणीतरी पत्र्याच्या डब्यावर नख घासायलंय असं ऐकू आलं. मग वायरवाले साधेच इअरफोन घेतले तेव्हा कुठं कळलं की हा माणूस तिथं काय करायलाय.

2025 च्या जुलैत ह्या बँडचा गायक ओझी ऑस्बोर्न गेला, 22 तारखेला, तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसला त्याचेच फोटो. मला ह्यांची दोन-तीन फेमस गाणी सोडून काही माहीत नव्हतं, म्हणलं चला एकदम पहिल्यापासून ऐकू, आणि तवापासून कंपनीच्या बसमध्ये जाता-येता, नाईटला जास्तच, हाच अल्बम चालू आहे. म्हणजे एकदा ऐकून 'मास्टरपीस राव' लिहिणाऱ्यातला मी नाही, रोजच्या वापरातलं सांगायलोय.

आता ह्या अल्बमबद्दल कुठंही वाचलं की सैतान, काळी जादू, उलटा क्रॉस हेच असतं. तो उलटा क्रॉस कव्हरच्या आतल्या पानावर होता खरा, पण तो रेकॉर्ड कंपनीनं बँडला न विचारता टाकला होता. आणि हे गळ्यात जे क्रॉस घालायचे ते ओझीच्या बापानं करून दिलेले. बाप कोण, तर टूलमेकर, रात्रपाळी करणारा. आपल्या टूल रूमवाल्यांनी हे वाचलं पाहिजे. पोरांना काळ्या जादूची भीती वाटायली म्हणून बापानं स्क्रॅपमधनं काहीतरी घडवून द्यायचं, ह्याच्यात सैतान कुठून आला भो.

माझं म्हणणं सरळ आहे, हे कारखान्यातलं संगीत आहे. चौघंही बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टनचे. ओझी काही दिवस कत्तलखान्यात होता, त्याच्याआधी गाड्यांच्या हॉर्नचा आवाज जुळवायच्या कामावर. हॉर्न! इथं वाळूजला 1985 ला बजाज आलं आणि मागोमाग पार्ट बनवणारे किती व्हेंडर उभे राहिले, त्यातल्याच एकात मी क्वालिटीला आहे, आमच्याकडं कानाला फोम लावून दिवसभर आवाज झेलणारी पोरं आहेत, त्यांना हॉर्न जुळवायचं काम म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

आणि बँडचा गिटारवाला टोनी आयोमी. ह्याची गोष्ट मला माहीत नव्हती आणि आता ती डोक्यातनं जात नाही. वय 17, शीट मेटलच्या कारखान्यात नोकरी, नोकरीचा शेवटचा दिवस, दुसऱ्या दिवशीपासून बँडसोबत जायचं होतं. काम वेल्डिंगचं, पण प्रेसवरची बाई आली नाही म्हणून ह्याला प्रेसवर बसवला. जेवायला घरी गेला तेव्हा परत जायची इच्छाच नव्हती, आई म्हणली जा, काम पुरं करून ये. आणि त्याच दुपारी उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. तो डावखुरा, म्हणजे उजवा हात तारा दाबायचा. सगळं संपल्यातच जमा. तर कारखान्यातल्याच एका मॅनेजरनं त्याला जँगो राइनहार्ट ह्या जॅझ गिटारवाल्याची रेकॉर्ड ऐकवली, त्या माणसाची दोन बोटं आगीत निकामी झालेली तरी वाजवायचा. मग ह्यानं भांडे घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटाच्या टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, गिटारच्या तारा दाबायला जड जायल्या म्हणून बँजोच्या हलक्या तारा लावल्या.

आपल्याकडं नुकसानभरपाईच्या कायद्यात बोटाला टक्के लावलेले आहेत, माहीत नसेल तर बघा. मधल्या बोटाचं एक पेर 7 टक्के, अनामिकेचं एक पेर 5. एकेक पेर धरलं तर आयोमी बसतो 12 टक्क्यात. आमच्या शॉपमध्ये एक मामा आहेत, आधीच्या एका कंपनीत त्यांची बोटं गेली, तिथं हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर काढून ठेवला होता कायकी प्रॉडक्शन कमी निघायलं म्हणून. त्यांना मी चहाच्या सुट्टीत ही गोष्ट सांगितली आणि एका कानात इअरफोन दिला. मामांनी डोळे मिटून दोन-तीन मिनिटं ऐकलं, मग इअरफोन परत देत विचारलं, टोपी कशाची केली म्हणला? गाण्याबद्दल चकार शब्द नाही. दुसऱ्या दिवशी परत तोच विषय, चामडं कोणतं, चिकटवलं कशानं.

असो. गाण्यांवर येतो. पूर्ण अल्बम 16 ऑक्टोबर 1969 ला एका दिवसात रेकॉर्ड झाला, साधारण बारा तास, म्हणजे एक शिफ्ट अन् चार तास ओटी. मशीन फक्त चार ट्रॅकचं, म्हणजे आवाज वेगवेगळे धरायला चारच पट्ट्या. त्यामुळं नटवा-सजवायला वावच नव्हता, स्टेजवर वाजवायचे तसंच वाजवलं आणि घरी गेले. पाऊस, वीज, चर्चची घंटा हे नंतर जोडलं. बाजारात आला 13 फेब्रुवारी 1970, शुक्रवारी.

पहिलं गाणं बँडच्याच नावाचं, आणि हे एक गाणं बाकीच्या अल्बमला उचलून धरतं. रूममेट गंगाखेडचा आहे, गावाकडं भजनात पेटी वाजवतो, त्याला ते ऐकवलं तर त्यानं पेटी काढली आणि शोधायला लागला. सापडलं ते असं: पांढरी पाच सा, मग वरचा सा, आणि मग खाली काळी एक, म्हणजे तीव्र मध्यम, तिथंच थरथरत थांबायचं. बास, एवढंच. युरोपात ह्या जोडीला सैतानाचं नाव पडलेलं. आमचा गडी म्हणला ह्यात सैतान बितान काही नाही, तीव्र म तर यमनमध्ये पण आहे, पण तिथं पंचमावर जाऊन बसता येतं, इथं पंचम दिलाच नाही म्हणून जीव टांगणीला लागायलाय, मारव्यात बी तसंच होतं. त्यानं पंचम लावून दाखवला तर खरंच सगळी भीती गेली. गंमत म्हणजे हे सुचलं होल्स्ट ह्या इंग्रज संगीतकाराच्या 'मार्स'वरनं, ती धून बटलर बेसवर वाजवत बसायचा.

सप्टेंबरात आमच्याकडं अतिवृष्टी झाली, गावी सोयाबीन पाण्यात, तेव्हा मात्र ते पावसापासून सुरू होणारं गाणं लावायची इच्छा होईना, डायरेक्ट 'द विझर्ड'पासून लावायचो. त्यात ओझी माउथ ऑर्गन वाजवतो, मस्त चालतं, बसच्या खिडकीला बसून ऐकायचं गाणं. ह्याचा तुकडा 1993 ला सायप्रस हिल नावाच्या रॅप ग्रुपनं उचलला. 'बिहाइंड द वॉल ऑफ स्लीप'मध्ये ड्रमवाला बिल वॉर्ड ऐका, तो रॉकवाला नाहीच, जॅझवाला आहे, डोलत डोलत वाजवतो. नंतरच्या हेवी मेटलवाल्यांनी, म्हणजे असंच जड रॉक वाजवणाऱ्यांनी, गिटार घेतली आणि हे डोलणं सोडून दिलं, मला तरी ते तोट्याचंच वाटतं.

'ईव्हिल वुमन' मला आवडलं नाही, आजही नाही. क्रो नावाच्या अमेरिकन बँडचं गाणं, सिंगल, म्हणजे सुटं विकायला एक गाणं, पाहिजे म्हणून घुसवलेलं, ते कळतंय. अमेरिकेत निघालेल्या रेकॉर्डवर त्याच्या जागी 'विकेड वर्ल्ड' आहे, मी तर तीच आवृत्ती घ्या म्हणेन. रेकॉर्डिंगच्या दिवशी 'विकेड वर्ल्ड' हे एक गाणं झालं आणि आयोमीच्या स्ट्रॅटोकॅस्टर गिटारचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग, गेला, मग त्यानं सोबत आणलेली दुसरी गिटार, गिब्सन एसजी, काढली, आणि जन्मभर लोकांनी त्याला त्याच गिटारसोबत ओळखलं.

आता 'लास्टिंग इन्फ्लुअन्स' वगैरे जे म्हणतात ते. तेव्हाच्या समीक्षकांनी धुतलाच होता ह्याला, तरी ब्रिटनमध्ये आठव्या आणि अमेरिकेत तेविसाव्या नंबरला गेला, म्हणजे लोकांना कळलं होतं. मेटल ह्यांनीच शोधलं का, तर मोठा आवाज आधीही होता, लेड झेपलिनचा पहिला अल्बम 1969 चाच. पण इतकं हळू, इतकं जड आणि कुठलाही आनंद नसलेलं कोणी वाजवत नव्हतं. आज डूम म्हणून मेटलचा जो अख्खा संथ प्रकार आहे तो ह्या पहिल्या सहा मिनिटांवर पोट भरतो. 5 जुलै 2025 ला अ‍ॅस्टनच्याच व्हिला पार्क ह्या फुटबॉल मैदानावर चौघांचा शेवटचा कार्यक्रम झाला, तिथं मेटॅलिका आणि गन्स एन' रोझेस हे नंतरचे मोठे बँड आधी वाजवून गेले, म्हणजे पोरं मोठी होऊन बापाच्या अंगणात आली. बर्मिंगहॅममध्ये ह्यांच्या नावाचा पूल आहे आणि 2023 ला तिथल्या रॉयल बॅलेनं ह्यांच्या गाण्यांवर बॅले केला. प्रेसवरच्या पोरांच्या गाण्यावर बॅले, विचार करा.

शेवटचं 'वॉर्निंग' दहा मिनिटांच्या वर आहे, त्यात आयोमी एकटाच लांबच लांब वाजवत बसतो. नवीन माणसानं तिथं कंटाळून अल्बम सोडायची शक्यता जास्त. तर असं करा, सुरुवातीला ते गाळूनच ऐका आणि नंतर कधी सेकंड शिफ्ट सुटल्यावर, बस रांजणगावच्या फाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकली की लावा. तिथं तसंही दुसरं काही करता येत नाही.