बुलेटच्या टाकीसाठी गॉथिक: ओल्ड इंग्लिश की फ्राक्टुर?

साताऱ्यात बुलेटच्या टाकीवर नाहीतर जिमच्या बनियनवर नाव गॉथिकमध्ये, म्हणजे जुन्या युरोपीय छापाच्या टोकदार, जाड अक्षरांत हवं असेल, तर निवड बहुधा दोन फॉन्टवर येऊन थांबते. एक मायक्रोसॉफ्ट ऑफिससोबत येणारा ओल्ड इंग्लिश टेक्स्ट, दुसरा गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळणारा युनिफ्राक्टुर मागुंशिया, म्हणजे फ्राक्टुर या जर्मन वळणाचा.

देखणेपणात फ्राक्टुर पुढे आहे, हे मान्य करायला हवं. त्याच्या कॅपिटलचे वळसे टाकीच्या गोलाईवर फार छान बसतात. ओल्ड इंग्लिश ताठ, उभ्या दांड्यांचा. एन, आय, एम शेजारी आले की खिडकीचे गज दिसतात. निंबाळकर टाइप करून पाहा. तिथे अक्षरांमधलं अंतर अक्षराच्या पोटातल्या फटीपेक्षा किंचित जास्त ठेवलं की शब्द सुटा होतो. त्याहून वाढवलं तर वीण उसवते.

माझ्यापुरता निकाल लागला तो वाचण्यावर. फ्राक्टुरचा कॅपिटल ए आपल्याला यू दिसतो, व्ही बी वाटतो आणि स्मॉल के तर सरळ टी. म्हणजे अमोलचा उमोल, विजयचा बिजय, निंबाळकरचा निंबाळतर. जर्मन वाचकाला ही अडचण नव्हती. १९४१ मध्ये नाझी सरकारने ही अक्षरं बंद करेपर्यंत तो शाळेपासून तीच वाचत आला होता. आपल्याकडे ती सवय नाही, आणि अंतर कमीजास्त करून के सुधारत नाही. ओल्ड इंग्लिशचं घराणं जर्मन मुद्रक गुटेनबर्गच्या १४५५ च्या सुमाराच्या बायबलपर्यंत जातं, पण न्यूयॉर्क टाइम्सच्या नावामुळे आणि प्रमाणपत्रांमुळे ते वळण डोळ्यांना ओळखीचं आहे.

ओल्ड इंग्लिशची खोड रेडियमचा स्टिकर कापताना कळते. त्याच्या कॅपिटलच्या पोटात केसासारख्या उभ्या रेषा असतात. मिलिमीटरहून बारीक पट्टी नको असलेला भाग सोलताना सोबत उचलली जाते, आणि बसली तरी टाकी पुसताना निघते. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्व्ह करून, म्हणजे अक्षराचा साधा आकार करून, त्या रेषा सरळ काढून टाकाव्यात, किंवा अक्षर बाहेरून पाव मिलिमीटर जाड करावं. मात्र मग आतल्या फटी बुजत नाहीत ना, ते मोठं करून तपासावं. कॅपिटलची उंची दोन इंचांखाली नको. बनियनवर छापतानाही याच रेषांमधल्या फटी शाईने भरतात.

सगळं नाव कॅपिटलमध्ये कुठल्याच फॉन्टमध्ये करू नका. वाचता येत नाही. आणि दोन्हींत देवनागरी नाही. मराठी टाइप केलं की कॉम्प्युटर गुपचूप दुसराच फॉन्ट लावतो. मराठीत हा थाट हवा असेल तर अक्षरं बहुधा हातानेच काढून घ्यावी लागतात, कारण देवनागरीच्या बोरूच्या टोकाचा काप रोमनच्या उलट असतो, म्हणून रोमन अक्षरांचे तुकडे जोडून भागत नाही.

पूर्ण नाव असेल तर मी ओल्ड इंग्लिशकडे झुकेन. टाकीवर नुसतं आद्याक्षर हवं असेल आणि ते एम किंवा डी असेल, तर फ्राक्टुर खुशाल घ्या.