हनुवटीचं पॅकेज वेगळं, मानेचं वेगळं

लिहायला लाज वाटते, पण मी केस काढायला गेले होते त्याच लेझर क्लिनिकमध्ये दोन मैत्रिणी जायच्या बेतात आहेत असं कळलं, म्हणून लिहितेय.

वय 27. हनुवटीखाली जाड, काळे केस यायला लागले होते. पर्समध्ये चिमटा कायम. ऑफिसच्या वॉशरूममधला उजेड चांगला, म्हणून सकाळी दहा मिनिटं लवकर पोचायचे. मानेवरही काळा, मखमलीसारखा पट्टा आला होता. आई म्हणायची, "अगं, मान घासत जा जरा." डाळीचं पीठ, लिंबू, सगळं करून झालं. मळ असता तर निघाला असता ना!

शेवटी लेझर क्लिनिक गाठलं. पांढरा कोट घातलेल्या ताईंनी भिंगातून हनुवटी पाहिली आणि सांगितलं, आठ सिटिंग, 42,000 रुपये, केस कायमचे जाणार. मग मान बघून म्हणाल्या, "याचंही करून घ्या, पॉलिशिंग, 9,500 फक्त." पैसे एकदम नाहीत म्हटल्यावर तिथल्या तिथे मोबाइलवर कर्ज मंजूर. बारा हप्ते, महिना 4,300 च्या आसपास. पाळी नियमित येते का, हा एक प्रश्न कोणी विचारला नाही. माझी तेव्हा पन्नास-साठ दिवसांनी यायची.

तीन सिटिंगनंतर खूश होते. पाचव्यानंतर केस परत, आणि आता गालांच्या कडेलाही. विचारलं तर उत्तर, "मॅडम, तुमचं हार्मोनल आहे, ते गॅरंटीत येत नाही." पावती काढून पाहिली. तोंडी सगळीकडे 'रिमूव्हल', छापलेलं मात्र 'हेअर रिडक्शन'. खाली बारीक अक्षरात, पैसे परत मिळणार नाहीत. सही माझीच.

पाळी तीन महिने आली नाही तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. डॉक्टरबाईंनी हनुवटीआधी मान पाहिली. म्हणाल्या, "घरात कुणाला शुगर?" बाबांना आहे. सोनोग्राफी, थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन, साखर, सगळं झालं. उपाशीपोटी साखर 108, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी HbA1c चाचणी 6.1 टक्के. म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. निदान पीसीओएस, म्हणजे पाळी आणि अंडाशयाच्या हार्मोनचा बिघाड.

त्यांनी समजावलं ते असं: शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते आणखी सोडतं. हे जास्तीचं इन्शुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं. शिवाय त्या हार्मोनला रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन यकृत कमी बनवतं, म्हणून मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि हनुवटीवरच्या साध्या लवेचे राठ केस होतात. मानेचा काळेपणाही त्याच इन्शुलिनचा. म्हणजे मला एकाच दुखण्याची दोन पॅकेजं विकली होती!

लेझर खोटं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. आहेत ते केस त्याने कमी होतात, पण हार्मोन तसंच राहिलं तर नवे येत राहतात. आणि गालावरच्या बारीक लवेवर किंवा तिच्या आसपास लेझर मारल्यास कधीकधी केस उलट वाढतात, आपल्यासारख्या सावळ्या कातडीत आणि हार्मोनचा घोळ असताना जास्त. माझ्या गालांचं तेच झालं असावं. सगळ्यांचं कारण इन्शुलिनच असतं असं नाही, काहींच्या घराण्यातच केस जास्त असतात. पण थोड्या महिन्यांत झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

आता मेटफॉर्मिन (शरीराने इन्शुलिनला दाद द्यावी म्हणून) आणि हार्मोनची गोळी चालू आहे, रोज पाऊण तास चालते, रात्रीचा भात निम्म्यावर आणलाय. केसांवर फरक दिसायला सहा महिने तरी लागतात, कारण केसाचं चक्रच तेवढं लांब. चार झालेत. पाळी मात्र दोनदा वेळेवर आली.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पावती, व्हॉट्सअॅपवरचं 'परमनंट' लिहिलेलं पत्रक आणि पहिल्या दिवशीचे फोटो जोडलेत. क्लिनिकने अर्धे पैसे 'फेशियलमध्ये अॅडजस्ट' करून देऊ म्हटलं. मी नको म्हणाले. हप्ते अजून तीन बाकी आहेत.