एसएटीच्या शब्दांसाठी अँकी: अकरावीभर वापरल्यानंतर

एसएटी म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा. तिच्या शब्दांसाठी अकरावीच्या दिवाळीपासून अँकी वापरतेय, म्हणजे प्रश्नोत्तरांची कार्डं ठरावीक दिवसांनी पुन्हा दाखवणारं ॲप. ॲप चांगलं आहे. डोकं फिरवतात ते त्यात मिळणारे तयार डेक, म्हणजे कार्डांचे गठ्ठे.

इंटरनेटवर एसएटीच्या नावाने फिरणारे बरेच डेक जुन्या परीक्षेच्या हिशेबाने केलेले आहेत. २०१६ च्या आधी एसएटीत एकेका वाक्यातल्या गाळलेल्या जागी अवघड शब्द भरायचे असत, त्यामुळे हजारभर शब्द घोकायची पद्धत पडली. ते प्रश्न त्या वर्षी गेले. २०२३ मध्ये आपल्याकडे परीक्षा संगणकावर आली, तेव्हा गाळलेल्या जागा परत आल्या, पण आता समोर १५० शब्दांपर्यंतचा छोटा उतारा असतो. उत्तराचा धागा त्या उताऱ्यातच असतो, तो पकडायचा. हे प्रश्न इंग्रजीच्या प्रत्येक मॉड्यूलच्या, म्हणजे वेगळी वेळ लावलेल्या भागाच्या, अगदी सुरुवातीला येतात. तिथे अडकलात की पुढचं वेळेचं गणित कोलमडतं, कारण २७ प्रश्नांना मिळतात ३२ मिनिटं.

मी उतरवलेल्या डेकमध्ये पुढे शब्द, मागे एका ओळीत अर्थ, एवढंच होतं. अशा कार्डांवर अवघड दिसणारे शब्द पाठ होतात, आणि सोपे दिसणारे दगा देतात. ‘क्वालिफाय’ म्हटलं की आपल्या डोक्यात फायनलला पोचलेली टीम येते. उताऱ्यात मात्र एखादी संशोधक स्वतःचाच दावा ‘क्वालिफाय’ करते, म्हणजे त्याला मर्यादा घालते, ‘हे सगळीकडे लागू नाही’ असं सांगते. ‘टेम्पर’ क्रियापद म्हणून आला की रागाशी संबंध नाही, धार कमी करणं. आम्हा सेमी-इंग्लिशवाल्यांचं तर वेगळंच. फोटोसिन्थेसिस झोपेतही सांगू, पण शास्त्रज्ञ एकमेकांशी वाद घालताना जे शब्द वापरतात ते शाळेत कधी कानावरच पडलेले नसतात.

म्हणून तो डेक उडवला आणि कार्डं स्वतः करायला घेतली. पुढच्या बाजूला रिकामी जागा असलेलं पूर्ण वाक्य. उदाहरणार्थ: दोन वस्त्यांमध्ये व्यापार होता या मताला उत्खननात सापडलेल्या एकाच मण्याचा आधार, त्यामुळे तो संबंध अगदीच अमुक वाटतो. मागे ‘टेन्युअस’, खाली मराठीत ‘तकलादू, ओढूनताणून जोडलेला’, आणि कोपऱ्यात वजा चिन्ह, म्हणजे शब्दाचा सूर नकारात्मक. चार पर्यायांतले दोन नुसत्या सुरावरून कटतात, हे त्या चिन्हामुळे अंगवळणी पडलं. एक कार्ड करायला वेळ लागतो, पण निम्मा शब्द तिथेच लक्षात राहतो.

सेटिंगबद्दल. अँकी रोज २० नवी कार्डं देतं. कॉलेज आणि क्लास सांभाळून ते झेपत नाही, मी दहावर आणलं. घटक चाचणीच्या आठवड्यात ॲप उघडलं नाही की उजळणीचा असा ढीग साचतो की पुन्हा उघडायची इच्छाच मरते. अशा वेळी नवी कार्डं शून्यावर न्यायची आणि आधी थकबाकी फेडायची. कुठलं कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते ठरवणारी एफएसआरएस नावाची नवी पद्धत अँकीत आहे, ती सुरू करा. माझा रोजचा भार तरी हलका झाला. एखादं कार्ड पाठ झाल्यावर पुन्हापुन्हा चुकत राहिलं तर आठव्यांदा अँकी त्यावर खूण करतं, आणि सेटिंगमध्ये तसं ठेवलं असेल तर ते बाजूलाही काढून ठेवतं. असे माझे बरेच शब्द नंतर विज्ञानावरचे इंग्रजी लेख वाचताना सहज बसले. काही शब्दांना कार्ड हे औषधच नाही.

दिसायला ॲप सरकारी फॉर्मसारखं रुक्ष आहे. संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर एकदाच पैसे भरावे लागतात. घरात जुना अँड्रॉइड फोन पडला असेल तर तो वापरा, शिवाय त्यावर इन्स्टाग्राम टाकायचा मोह होणार नाही.

परीक्षेला महिनाच उरला असेल तर याच्या नादी लागू नका. एसएटी ज्या ॲपवर होते त्या ब्लूबुकमधल्या सराव परीक्षा फुकट आहेत, त्या सोडवा, आणि तिथे चुकलेल्या प्रश्नांच्या चारही पर्यायांतले शब्द वहीत उतरवा.